निंबाखालचा मोथा

बुलढाणा घाटावर आहे. समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर. राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूरकडे निघालं की पहिल्या काही वळणांतच हवा तापत जाते; परत वर चढलं की अंगावरचा घाम सुकतो. इंग्रजांच्या काळात जिल्ह्याचं ठाणं इथे वसलं, त्यात या हवेचाही वाटा होता असं जुनी माणसं सांगतात. तरी वैशाख इथेही वैशाखच असतो. दुपारी बारानंतर रस्त्यावरची गुरं, फळांच्या गाड्या, ऑटोरिक्षा, बसची वाट बघणारी माणसं, सगळी एकाच दिशेने सरकत असतात: निंबाच्या, चिंचेच्या, वडाच्या सावलीकडे. घर विकत घेताना आवारात मोठं झाड आहे का, हे आमच्याकडे विहिरीच्या पाण्याइतक्याच बारकाईने विचारलं जातं.

सावलीचं एवढं अप्रूप आहे, पण ती ज्या जमिनीवर पडते तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. झाडाखालची माती रोज झाडून झाडून घट्ट होते. मृगाचा पहिला पाऊस आला की पानांवरून घरंगळणारे मोठे थेंब तिच्यावर आदळतात, चिखल भिंतीवर उडतो, आणि वरचा चांगला थर पाण्याबरोबर नालीत जातो. दोन-चार पावसाळे असं झालं की झाडाची मुळं उघडी पडतात. मग घरात चर्चा सुरू होते, की इथे काही उगवत नाही, चिखल होतो, पानांचा कचरा होतो, फरशी टाकून घेऊ. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत घरामागून घर असंच पेव्हर ब्लॉकने झाकलं गेलं. कुठे निंबाच्या बुंध्याभोवती जेमतेम हातभर गोल मोकळा ठेवतात, कुठे तोही नाही. ज्या झाडाच्या गारव्यासाठी घर घेतलं, त्याच्या पायथ्याशी सिमेंट तापत राहतं.

मला याचा राग येतो, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. पण राग येऊन भागत नाही. शेजारीण विचारते, “फरशी नको, तर मग काय लावू?” तेव्हा हाताशी उत्तर असावं लागतं. माझं उत्तर मोथ्याच्या कुळातली एक बारकी वनस्पती आहे.

घरामागे निंब आणि जांभूळ यांच्या मधल्या पट्ट्यात ती आपली आपण आली होती. न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथल्या ओलीत तिचे दोन-तीन झुबके होते. वीतभर उंची, कधी थोडी जास्त. पानं अरुंद, गडद हिरवी, गवतासारखी. प्रत्येक ताठ दांडीच्या टोकाला एक पांढरं शुभ्र, वाटाण्याएवढं गोल बोंड, आणि त्या बोंडाखालून तीन-चार हिरवी पानं आडवी पसरलेली. पावसाळी दुपारी, आभाळ भरून आलेलं असताना, झाडाखालच्या काळोखात ही पांढरी बोंडं दुरूनही दिसतात. शास्त्रात तिला किलिंगा नेमोरॅलिस म्हणतात. भारतभर ओलसर, अर्धसावलीच्या जागी ती आढळते. फळबागांत, नारळी-पोफळीच्या वाड्यांत, ओढ्याकाठी, गावातल्या नळाच्या कट्ट्याशीही. आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत तिचा वावर आहे. कॅप्टन कुकच्या १७७२ ते १७७५ च्या दुसऱ्या सफरीवर फोर्स्टर नावाचे बाप-लेक निसर्गअभ्यासक म्हणून गेले होते. परतल्यावर नव्या वनस्पतींचं जे पुस्तक त्यांनी काढलं, त्यात हिचं शास्त्रीय वर्णन आलं. आमच्या न्हाणीच्या कडेची ही रहिवासी एवढ्या लांबच्या दर्यावर्दी लोकांच्या नजरेत भरली होती, हे कळलं तेव्हा मला तिच्याबद्दल अभिमान वाटला.

ती गवत नाही. हे ओळखायला दुर्बीण लागत नाही, बोटं पुरतात. दांडी चिमटीत धरून फिरवली की तिच्या तीन कडा बोटांना टोचतात. गवताची काडी गोल असते, आतून बहुधा पोकळ, आणि तिला पेरं असतात. मोथ्याच्या कुळातली दांडी बहुतेक तिधारी, आतून भरीव, आणि तळापासून बोंडापर्यंत सरळ, बिनपेराची. पानंही तीन रांगांत निघतात. या कुळात जगभरात सुमारे साडेपाच हजार जाती आहेत. प्राचीन इजिप्तने ज्यावर लिहिलं तो पपायरस यातलाच. तामिळनाडूतल्या पत्तमडईच्या रेशमासारख्या मऊ चटया आणि बंगालच्या मेदिनीपूरची मादुर, दोन्ही याच कुळातल्या काड्यांच्या. स्पेनमध्ये वॅलेन्सियाकडे उन्हाळ्यात जे दुधाळ थंड पेय पितात, तेही मोथ्याच्या एका जातीच्या गाठी वाटून केलेलं असतं. इतकं सगळं देऊन हे कुळ आपल्याकडे एका शब्दात निकालात निघतं. तो शब्द म्हणजे तण.

शेतकऱ्याकडून तो शब्द आलेला आहे, म्हणून तो मी हलक्याने घेत नाही. आमच्या जिल्ह्यात कपाशी आणि सोयाबीन ही मुख्य पिकं, आणि दोन्ही पिकांत लव्हाळा, म्हणजे मोथा, शेतकऱ्याचं रक्त आटवतो. १९७७ साली लीरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा पहिला क्रमांक त्यांनी यालाच दिला होता. त्याची करामत जमिनीखाली असते. वर दिसणाऱ्या एका झुबक्याखाली दोऱ्यासारखी मुळं, त्या दोऱ्यांवर ओवलेल्या काळपट गाठी, आणि प्रत्येक गाठीत पुन्हा उगवायची ताकद. खुरप्याने वरचं पान काढलं तर गाठ तशीच राहते. डवऱ्याने दोरा तुटला तर एकाच्या चार होतात. एकमेकींशी जोडलेल्या असेपर्यंत टोकाची गाठ बाकीच्यांना काहीशी दाबून ठेवते. साखळी तुटली की प्रत्येकीला आपापली वाट मोकळी होते. म्हणजे जितकं निंदावं तितकं वाढावं, असं ते जिवाला लावणारं गणित आहे.

आमच्या घरी कधीमधी अंगण साफ करायला एक मावशी येतात. त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वावरात निंदण करण्यात गेलं. पावसाळ्यात सकाळी डब्यात भाकर घेऊन निघायचं, ओळीने वाकून सऱ्या धरायच्या आणि संध्याकाळपर्यंत वाकलेलंच राहायचं. त्यांनी निंबाखालचा तो पट्टा पाहिला आणि खुरपं घेऊन सरळ तिकडेच निघाल्या. मी थांबवलं तेव्हा त्यांना खरोखर नवल वाटलं.

“बाई, हा त मोथा हाय. घरी कोनी मोथा पोसते काय?”

मी म्हटलं, “मावशी, हा वेगळा आहे. एक उपटून बघा.”

त्यांनी उपटला. माती झटकली. बोटाने मुळं उलगडली. जमिनीलगत आडवं पसरलेलं, तांबूस खवल्यांचं बारीक खोड निघालं, त्याला खाली केसांसारखी मुळं. त्यांनी ते नखाने खरवडलं, नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता, मोथ्याचाच, गोडसर. पण पुढे ओढून काढावी अशी गाठ नव्हती.

“वास त त्याचाच हाय,” त्या म्हणाल्या. “पन गाठ नाई याले.”

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हा फरक सांगायला अर्धं पान लागतं, आणि तो शब्दांत वाचूनही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मावशींच्या बोटांनी तो एका झटक्यात पकडला, कारण ज्या गाठीने त्यांची कंबर मोडली ती गाठ त्यांना डोळे मिटूनही ओळखता येते. या जिल्ह्यात मोथ्याची खरी जाणकार माणसं कुठे असतील तर ती कपाशीच्या ओळींत वाकलेली आहेत, असं मला वाटतं. कुठला मोथा पाणथळ जागी येतो, कुठला मुरमाड जमिनीत, कुठल्याची बोंडं तांबडी, कुठल्याची पिवळी, कुठला गुरं खातात आणि कुठला तोंडातून टाकतात, हे त्यांना माहीत असतं. त्यांच्याकडून हे कधी कुणी लिहून घेतलेलं नाही. आता तणनाशकाच्या फवारणीने निंदणाचं काम कमी होत चाललं आहे. कंबर वाचते हे चांगलंच. मजुरीही जाते, आणि तिच्याबरोबर ही ओळखही.

पुस्तकं नाहीत असं मात्र नाही. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला आणि आजही अभ्यासक तो उघडतात. पण त्यात आम्ही नाही. शेजारचं खानदेश मुंबई इलाख्यात, म्हणून ते आहे. बुलढाणा वऱ्हाडात, आणि वऱ्हाड तेव्हा निजामाच्या नावावर आणि इंग्रजांच्या कारभारात, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला. मलकापूरच्या पलीकडे सरहद्द ओलांडली की गवताला नाव होतं आणि अलीकडे नव्हतं, असा तो प्रकार. ही उणीव भरून निघायला फार वर्षं लागली. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने महाराष्ट्रातल्या एकदल वनस्पतींचा खंड १९९६ मध्ये काढला, ज्यात गवतं आणि मोथे येतात. आणि २००० साली पी. के. दिवाकर आणि बी. डी. शर्मा यांचा खास बुलढाणा जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आला. आपल्या जिल्ह्याच्या नावाचं असं एक पुस्तक आहे, हे इथल्या फार थोड्या लोकांना माहीत असेल. पुढे २०१५ मध्ये एम. ए. वदूद खान यांनी पश्चिम घाट, किनारपट्टी आणि महाराष्ट्र मिळून केवळ या एका कुळावर ग्रंथ लिहिला. ज्या वनस्पतींना बहुतेक जण पायाखाली तुडवतात, त्यांची बोंडं भिंगाखाली धरून एकेका तुसाचा आकार नोंदवत कुणीतरी वर्षानुवर्षं बसलं होतं. अशा माणसांपुढे मी मनापासून नतमस्तक आहे.

भिंग माझ्याकडेही आहे, साधं, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. त्यातून या पांढऱ्या बोंडाकडे पाहिलं तर ते एक फूल नसतं. कित्येक चपटे, टोकदार कण दाटीने एकत्र उभे असतात, आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक पातळ हिरवट पंख, त्याच्या कडेला करवतीसारखे दाते. मोथ्याच्या कुळातल्या बहुतेक जाती परागकणांचं काम वाऱ्यावर सोपवतात, म्हणून त्यांना रंगाचा, शोभेचा सोस नसतो. ही मात्र सावलीत राहते, जिथे वारा मंद असतो. सकाळी ऊन तिरपं आत येतं तेव्हा बारक्या मधमाश्या या बोंडांवर घोटाळताना दिसतात. पाकळी नाही, मध नाही, तरी त्या येतात आणि मागच्या पायांना पिवळी भुकटी लावून जातात.

मोथ्याशी आपलं नातं वावरातल्या वैरापुरतं कधीच नव्हतं, हे मला वारंवार सांगावंसं वाटतं. दिवाळीत उटणं घरी करणाऱ्या घरांत आंबेहळद, कपूरकचरी, वाळा यांच्याबरोबर नागरमोथा येतोच. पहिल्या आंघोळीचा तो थंड, मातकट सुगंध पुष्कळसा त्याचाच असतो. आयुर्वेदात ज्वर आणि तहान यांवर षडंगपानीय सांगितलं आहे, त्या सहा द्रव्यांत मुस्ता आहे. कालिदासाने शाकुंतलात शिकार थांबवणाऱ्या राजाच्या तोंडून रानडुकरांना अभय दिलं, तेही डबक्यातला मोथा निवांत उकरण्यासाठी. दीड हजार वर्षांहून जुनं निरीक्षण आहे ते, आणि आजही ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला, बोथ्याच्या बाजूला, पावसाळ्यात ओढ्याकाठची माती नांगरल्यासारखी उलथलेली दिसते ती याच कामासाठी. तीच डुकरं रात्री मक्यात आणि भुईमुगात शिरतात तेव्हा शेतकऱ्याची झोप उडते, ही दुसरी बाजूही त्याच ओढ्याकाठी आहे.

तर आता लावायचं कसं, ते सांगते, कारण हे सगळं ऐकून कुणी विचारलंच तर नुसत्या कौतुकावर कुणाची बोळवण करू नये.

लव्हाळा उन्हाचा धनी आहे. भर उन्हात तो फोफावतो. दाट सावली पडली की खंगतो, गाठी धरायचं कमी करतो. म्हणून पीक लवकर दाटलं की तो मागे हटतो, हे शेतकऱ्यांना ठाऊक असतं. झाडाखालच्या जागेसाठी त्याची भीती धरायचं कारण फारसं नाही. पांढऱ्या बोंडाच्या मोथ्याला मात्र अर्धी सावली मानवते. निंबाखाली तो उत्तम होतो, कारण निंबाची सावली चाळणीतून पडल्यासारखी असते, ऊन कवडशांनी आत येत राहतं. जांभळाखाली बुंध्याशी होत नाही, कडेला होतो. आंब्याखाली पाचोळ्याचा थर जाड असतो, तिथे कडेकडेनेच लावावा. चिंचेखाली मी जबरदस्ती करत नाही. जिथे दिवसभर काळोख असतो तिथे तोही कोमेजतो; सकाळचं किंवा संध्याकाळचं थोडं ऊन त्याला हवंच.

बी गोळा करून पेरता येतं, पण त्याची घाई नको. आर्द्रा नक्षत्रात, दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर, जुना झुबका आडव्या खोडासकट काढावा आणि हाताने फोडून त्याचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन हिरवे कोंब आणि खाली मुळं असली पाहिजेत. वीत-वीत अंतरावर, माती फार न उकरता, बोटभर खोल बसवावेत. खोदू नये हे महत्त्वाचं, कारण झाडाची खाद्यमुळं वरच्याच थरात असतात. कुदळ घातली की झाड दुखावतं. खत लागत नाही. निंबाचा पालापाचोळा हातानेच थोडा पसरावा, पुरे. श्रावण संपेपर्यंत तुकडे एकमेकांना भेटतात आणि पोळ्याच्या सुमारास जमीन झाकलेली असते. त्यानंतरच्या पावसात भिंतीवर उडणारा चिखल थांबतो. पाणी पानांवर पडतं, तिथून हळूच मातीत उतरतं. खालची मुळांची जाळी माती धरून ठेवते. निंबाच्या उघड्या पडलेल्या मुळांभोवती पुन्हा माती जमताना पाहणं हा या सगळ्यातला माझा सर्वांत मोठा आनंद आहे.

उन्हाळ्याचा प्रश्न असतो. आमच्याकडे पाऊस सातशे-आठशे मिलिमीटरच्या घरातला, आणि तोही चार महिन्यांत संपणारा. पैनगंगा याच जिल्ह्याच्या डोंगरात उगम पावते, तिच्यावरच्या येळगाव धरणातून शहराला पाणी येतं. पण पाऊस कमी झाला की धरण उघडं पडतं आणि नळाच्या फेऱ्या लांबतात. अशा गावात बागेसाठी पिण्याचं पाणी वापरणं मला पटत नाही. या मोथ्याला ते लागतही नाही. भाज्या, तांदूळ धुतलेलं पाणी, न्हाणीचं साबण कमी असलेलं पाणी, एवढ्यावर तो हिरवा राहतो. तेही नसलं तर होळीनंतर पिवळा पडतो, पानं सुकतात, वरून बघणाऱ्याला वाटतं मेला. आडवं खोड मातीत जिवंत असतं. निंबाने पानगळ केलेली असते, त्याखाली ते निजून राहतं, आणि वळवाचा एखादा पाऊस झाला की आठवड्याभरात कोंब दिसतात. लॉनची ही तऱ्हा नसते. लॉन म्हणजे बहुधा हराळीच्या जातीचं गवत. त्याला ऊन भरपूर लागतं, सावलीत ते विरळ होतं, आणि उन्हाळ्यात रोज पाणी मागतं. लॉनमध्ये आमचा हा मोथा शिरला तर माळी त्याला तणच म्हणेल. त्याच्या जागी त्याचं म्हणणं रास्त आहे. प्रत्येकाने आपल्या जागेत राहावं एवढंच.

रोपवाटिकेत सावलीसाठी काय आहे असं विचारलं की कधी छत्री गवत पुढे येतं. लांब दांडीच्या टोकाला छत्रीसारखी पानं पसरलेलं ते झाडही मोथ्याच्याच कुळातलं आहे, सुंदर आहे, कुंडीत आणि पाण्याच्या टाक्याशी शोभतं. पण त्याचं मूळ घर आफ्रिका आणि मादागास्कर. ते घरात ठेवणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. मला फक्त याचं वाईट वाटतं की दूर देशातून आलेली चुलतबहीण पैसे देऊन घरात येते आणि आपल्या मातीतली न्हाणीशेजारून खुरप्याने निघते. अमेरिकेच्या पूर्व भागात लोक ओकच्या झाडांखाली हिरवळीऐवजी तिथल्याच रानातला पेन्सिल्वेनिया सेज नावाचा मोथ्याच्या कुळातला प्रकार लावतात. रोपवाटिका तो खास वाढवून विकतात. त्याचं बियाणं मागवून इथे लावायची काही गरज नाही. त्याच्या गणातल्या जाती आपल्याकडे मुख्यतः हिमालयात आणि दक्षिणेतल्या उंच थंड डोंगरांवर रमतात, बुलढाण्याचा मे महिना त्यांना झेपायचा नाही. घ्यायचं तर त्यांच्याकडून एवढं घ्यावं, की आपल्या झाडाखाली आपल्या रानातलं काय उगवतं ते आधी पाहायचं.

ते पाहायला आमच्या जिल्ह्यात लोणारइतकी चांगली जागा नाही. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेलं ते सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर बघायला लोक येतात, काठावरून खारं हिरवं पाणी बघतात, फोटो काढतात. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा साऱ्या देशाने बघितलं. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण विवरात उतरताना धारेचं गोडं पाणी पायऱ्यांवरून, दगडांच्या फटींतून खाली झिरपतं, तिथे थोडं थांबावं. देवळांच्या पडक्या भिंतींच्या सावलीत, झाडांच्या मुळांशी, जिथे जिथे ती ओल पोहोचते तिथे तिथे तिधारी दांड्यांची ही मंडळी उभी असतात. तळाशी खारं पाणी, वर कोरडी कड, आणि मधल्या त्या अरुंद पट्ट्यात हिरवा, दमट काळोख. कुणी लावलेलं नाही, कुणी पाणी घालत नाही. वेडी बाभूळ विवरात घुसली, ती काढायला वनखात्याला किती तरी खटाटोप करावा लागतो. या बारक्या मोथ्यांना कुणी आणलं नाही आणि घालवायचीही गरज पडत नाही. तिथून मी काही उपटून आणलेलं नाही. ते अभयारण्य आहे, तिथलं तिथेच राहायला हवं, आणि घराजवळच्या ओढ्याकाठी, नळाच्या कट्ट्याशी हवी तेवढी रोपं मिळतात.

माझ्या मनात आता आमच्या भागातल्या शाळांची आवारं आहेत. बहुतेक जुन्या शाळांत निंबाची, करंजीची मोठी झाडं आहेत, मधल्या सुट्टीत मुलं त्यांच्याखालीच डबे उघडतात, आणि त्या झाडांखालची माती वर्षानुवर्षं तुडवली जाऊन दगडासारखी झाली आहे. खेळायच्या जागेत मोथा टिकणार नाही, हे मला कळतं. पण बुंध्याभोवतीचा गोल, कुंपणालगतची पट्टी, हापशाजवळची ओल, एवढ्या जागा त्याच्यासाठी राखता येतील. पाचवी-सहावीच्या मुलाला एक तिधारी दांडी आणि एक हराळीची काडी हातात दिली, तर आयुष्यभर तो ती दोन विसरणार नाही.

आर्द्रा लागल्या की मागायला येणाऱ्यांना मी झुबके देते. मावशींनीही दोन नेले. त्यांच्या घरामागे शेळ्या बांधायच्या बाभळीखाली चिखल फार होतो. शेळ्या ते खातात की तुडवतात, ते पुढच्या पावसाळ्यात कळेल. नेणाऱ्याला मी एवढंच सांगते, की वावराच्या धुऱ्यावर लावू नका, तिथे त्याचं काम नाही. आणि दुसऱ्या कुणाकडून आणला तर आधी मुळं पाण्यात धुऊन बघा. काळी गाठ दिसली तर तो झुबका तिथेच ठेवा.